पाण्याच्या बाजूचा माणूस

मंडळी, या धाग्यावरचे अनुभव मी वर्षभर वाचतेय आणि निम्म्यांवर मनातल्या मनात हसलेही आहे. आता हसायची पाळी तुमची. टोपणनावाने लिहितेय, कारण आमच्या पप्पांनी हे वाचलं तर त्यांना काय वाटेल याची मला पुरेपूर कल्पना आहे.

आमच्या घरात असलं काही कधी चाललंच नाही. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा घरातले देवांचे टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडले. पप्पा त्यांच्याही चार पावलं पुढे. ते पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते — म्हणजे पुण्यातून जाणाऱ्या कॅनॉलच्या काठाने काठी घेऊन चालायचं, कुठे बांध खचलाय, कुठे पाणी झिरपतंय ते बघायचं. आमचं घरही पर्वतीच्या पायथ्याशी, कॅनॉलला लागून. एकदा वस्तीत बोभाटा झाला की अमावास्येला कॅनॉलवर हडळ दिसते. पप्पांनी अमावास्येला बाज उचलली, बांधावर टाकली आणि रात्रभर तिथे घोरत पडले. सकाळी लोक विचारायला आले तर म्हणाले, "डास सोडून कुणी भेटायला आलं नाही."

अशा माणसाची मी मुलगी. त्यामुळे पुढे जे लिहितेय ते लिहिताना मलाच कसंतरी होतंय.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी मी पप्पांबरोबर कॅनॉलवर जायचे. त्यांचा एक नियम होता. पाण्याच्या बाजूने ते, आतल्या बाजूने मी. मी बडबडत बडबडत पाण्याकडे सरकले की ते ओरडायचे नाहीत, हात धरायचे नाहीत. नुसतं कोपराने ढोसायचे. बरगडीच्या जरा वर, एकदाच, चांगलं जोरात! आई म्हणायची, "अहो, पोरगी आहे ती, म्हैस नाही." पप्पांचं म्हणणं, हात धरला की मूल आपल्या भरवशावर चालतं, ढोसलं की स्वतः बघून चालतं. त्या ढोसण्याची जागा माझ्या अंगाला पाठ आहे.

तर... आयटीची लाट नुकती खराडीपर्यंत पोचली होती तेव्हाची ही गोष्ट. आजूबाजूला अजून शेतं, मध्येच आमची काचेची बिल्डिंग. तिथल्या कंपनीने मला आणि मधुराला काही महिन्यांसाठी म्युनिकला पाठवलं. मधुरा नारायण पेठेतली. तिच्या बोलण्याला पेठेची धार होती आणि पाय माझ्यापेक्षा भटके. स्मार्टफोन नव्हते, फोटो लगेच कुणाला पाठवायची सोय नव्हती. घरी फोन म्हणजे रविवारी कॉलिंग कार्डावरून, लँडलाइनवर.

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी, कॉफी मशीनपाशी, मधुरा म्हणाली, "व्हेनिसला जाऊ या. उद्या सकाळची ट्रेन आहे." झालं, ठरलं. पुण्यात कुणालाही यातलं काही माहीत नव्हतं. हे नीट लक्षात ठेवा.

ट्रेन सगळा दिवस आल्प्समधून गेली. शेवटी मात्र अंगावर काटा आला — चांगल्या अर्थाने. जमीन संपली आणि रूळ थेट समुद्रातून जायला लागले. दोन्ही खिडक्यांतून नुसतं पाणी, अंधार पडत चाललेला, आणि समोर पाण्यातच लागलेले दिवे. स्टेशनच्या पायऱ्या उतरलो तर खाली रस्ता नाहीच! बसच्या जागी बोटी उभ्या. मधुरा म्हणाली, "यांच्याकडे रिक्षावाले नाही म्हणत असतील तेही पोहत."

होस्टेलवर सॅक टाकल्या आणि जेवून शहर बघायला निघालो. तिथे मोटार नाही, स्कूटर नाही, हॉर्न नाही. बोळ तर आमच्या मंडईच्या मागच्या गल्ल्यांहून अरुंद. वळलं की पूल, पुलाखाली काळं पाणी, आणि घरांच्या दारांच्या पायऱ्या सरळ त्या पाण्यात उतरलेल्या. मी वेड्यासारखी बघत होते. कॅनॉलकाठी वाढलेली मुलगी, आणि कॅनॉल असाही असतो हे मला माहीतच नव्हतं.

हिंडता हिंडता रात्र चढली आणि कुठेतरी भोंगा वाजला. लांबलचक, चढत जाणारा. आता पुण्यात वाढलेल्या माणसाला भोंगा म्हणजे घड्याळ. आपल्याकडे तो ऐकून लोक मनगट बघतात आणि कामाला लागतात. आम्हीही तेच केलं. मधुराने घड्याळ बघितलं आणि म्हणाली, "इथला भोंगा पण रात्रपाळी करतो वाटतं." हॉटेलवाले खुर्च्या भराभर टेबलांवर चढवत होते, एक दुकानदार दाराला खालून फळी ठोकत होता. आम्हाला वाटलं, बंद करायची वेळ झाली असेल. समुद्राचं पाणी शहरात चढणार आहे याची ती सूचना होती, हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

धुकं उतरलं होतं. एका लहानशा पुलावर मधुरा कॅमेऱ्याच्या बॅटरीशी झटापट करत थांबली आणि मी पूल उतरून पुढे निघाले. उजव्या हाताला घरांची भिंत, डाव्या हाताला कॅनॉल, मधून फरसबंद वाट. ना कठडा, ना साखळी. वाटेवर टाचभर पाणी आलं होतं. म्हटलं, पाऊस पडून गेला असेल. दिव्याच्या उजेडात सगळंच चकाकत होतं. मी नकाशा उघडून वाचत वाचत चालले होते.

आणि कोपर बसलं.

डाव्या बरगडीच्या जरा वर. एकदाच, चांगलं जोरात. मी उजवीकडे भिंतीवर आदळले, खांदा ठेचला, नकाशा हातातून उडाला. डावीकडे वाटेवर पडला... आणि बुडाला. अंगठ्याएवढ्या पाण्यात कागद बुडत नाही हो! मी वाकून बघितलं तेव्हा कळलं की तिथे वाट नव्हतीच. पाणी चढून वाटेच्या बरोबरीला आलं होतं, काठ कुठे संपतो ते दिसत नव्हतं, आणि माझं पुढचं पाऊल सरळ खोल कॅनॉलमध्ये पडणार होतं. अंगात जाड कोट, पायात बूट, पोहता येत नाही. खल्लास झाले असते.

मागे वळले, जवळपास कुणी नाही. भीती त्या पाण्याची नव्हती. ते कोपर मी ओळखलं होतं.

मधुरा भिंतीला धरून धरून माझ्यापर्यंत आली. धापा टाकत होती. तिचा पहिला प्रश्न, "ते काका कुठे गेले?"

"कुठले काका?"

"अगं, तुझ्या शेजारून चालत होते ते! पाण्याच्या बाजूने. मी पुलावरून बघत होते. पांढरा हाफ शर्ट, हातात काठी. एवढ्या थंडीत स्वेटर नाही, म्हटलं असेल कुणी आपल्याकडचाच हट्टी."

मी मटकन त्या पाण्यात खाली बसले. मधुराने पप्पांना कधी बघितलं नव्हतं. फोटोही नाही.

मनात एकच आलं... पप्पा गेले. असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नसलेल्या मला दुसरं काहीही सुचलं नाही. स्टेशनजवळच्या फोन बूथपर्यंत आम्ही अक्षरशः धावलो. पुण्यात तेव्हा पहाट झाली असणार. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. परत लावला. परत. आमच्या घरात पहाटे फोन उचलला जात नाही असं कधी होत नाही, पप्पा त्या वेळी चहा करत असतात. मधुरा माझा हात धरून उभी होती आणि तिच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता. नारायण पेठेच्या इतिहासात असं पहिल्यांदाच झालं असावं.

शेवटी आईने उचलला.

"पप्पा?" एवढंच मी म्हणाले.

आई रडायलाच लागली. "तुला कुणी कळवलं गं?"

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"बरे आहेत," ती म्हणाली. "आता आणलं त्यांना घरी. अगं, मला जाग आली तर दार सताड उघडं. काठी नाही, पप्पा नाहीत. शेजारच्यांना उठवलं. कॅनॉलवर सापडले. पाणी सुटलंय कॅनॉलला, भरून चाललाय, आणि हे अगदी काठाकाठाने चाललेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस! हाक मारली तर ओळख नाही डोळ्यांत. एक पाय पाण्यात गेला होता, चप्पल वाहून गेली. शेजारच्यांनी मागून कमरेला विळखा घातला म्हणून वाचले."

"झोपेत चालत होते?"

"कोपर बाहेर काढून चालत होते गं. आणि तोंडाने एकच — 'भिंतीकडं हो, भिंतीकडं हो.' कॅनॉलवर कुठली आलीय भिंत?"

मग पप्पांनी आईकडून फोन घेतला. आवाज नेहमीचा, जरा थकलेला. "काही झालेलं नाही. वयात होतं असं. डॉक्टरला दाखवू. तू परक्या देशात फोनवर पैसे घालवू नकोस." आणि ठेवून दिला.

मी कुठून बोलतेय ते मी त्यांना सांगितलं नाही. त्या वेळी नाही, नंतरही नाही. आईने धसका घेतला असता. मधुरालाही सांगून ठेवलं होतं.

डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. त्याआधी ते कधी झोपेत चालले नव्हते आणि त्यानंतरही आजपर्यंत नाही.

पुढे मी पुण्याला परतले. पहिल्याच संध्याकाळी पप्पा म्हणाले, "चल, एक चक्कर मारू." कॅनॉलवर गेलो. ते पाण्याच्या बाजूने, मी आतून. बराच वेळ चालल्यावर ते थांबले, काठीवर भार दिला आणि समोरच्या पाण्याकडे बघत त्रासिक आवाजात म्हणाले,

"ना बांध, ना कठडा. लोकांच्या दाराच्या पायऱ्या सरळ पाण्यात! असला कॅनॉल पास कुणी केला गं?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी मान हलवली. "हे कुठे बोलू नकोस. आयुष्यभर लोकांना काय सांगत आलो मी..." त्यांचा चेहरा असा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. मला रडू आलं. मी त्यांच्या हाताला धरलं तर त्यांनी सवयीने मला कोपराने आत ढकललं.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. इथल्या जाणकारांनी दोन जागी एकच माणूस, मनाची शक्ती वगैरे लिहू नये, माझं ते सगळं वाचून झालंय आणि माझं समाधान झालेलं नाही. पप्पांचंही नाही. पप्पा म्हणतात, कारण असणारच, आपल्याला माहीत नाही एवढंच. वीस वर्षं होत आली. ते अजून तसंच म्हणतात.

पण मी परदेशी निघाले की ते एकच प्रश्न विचारतात, "गाव पाण्याचं आहे का?" मी नाही म्हणाले तरी आई त्या रात्री दाराला आतून कुलूप घालते आणि किल्ली स्वतःच्या उशीखाली ठेवते. पप्पा ते बघतात, दिवा मालवतात, आणि काठी उशाशी घेऊन झोपतात.