इंजिन बसलं, फिल्टर बसेना

माझ्या धाकट्या दिरांना सगळा भाग 'नळीवाले' म्हणून ओळखायचा. तांब्याची असो, लोखंडाची असो, रबराची असो, कुठलीही नळी त्यांच्या हातात आली की मऊ व्हायची. बेकरीच्या भट्टीचा पाइप त्यांचा, शाळेतल्या पाण्याच्या टाकीची जोडणी त्यांची. एकदा तर बँडवाल्याचा चेपलेला कर्णाही त्यांनी सरळ करून दिला होता, आणि तो नीट वाजतोय का हे बघायला दुकानाबाहेर गर्दी जमली होती. शर्टाच्या खिशात कायम क्लिपा आणि वायसर. जाऊबाई कपडे धुवायला घेताना खिसे उलटे करायच्या आणि म्हणायच्या, "माझ्या नवऱ्याला हलवला तर घंटेसारखा वाजतो."

लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा दोघे भाऊ एकाच गॅरेजात काम करायचे. पत्र्याची शेड, भिंतीवर हारीने टांगलेले पाने, कोपऱ्यात टायरांचा ढीग, आणि पत्र्याच्या भोकांमधून ऑइलच्या डागांवर पडणारे उन्हाचे गोल कवडसे. इंजिन ह्यांचं, नळ्या भाऊजींच्या, अशी कामाची वाटणी होती. दुपारी दोघं एकाच डब्यातून जेवायचे आणि शेवटच्या घासावरून भांडायचे.

मग सासरे गेले. त्यांची छोटी जुनी गाडी शेडमध्ये उभी राहिली. इंजिनाचा ब्लॉक तडकला होता, ती चालण्यातली नव्हती. ह्यांना जागा हवी होती. "भंगारात देऊ," ते म्हणाले.

भाऊजी ताडकन उठले. "बाबांची गाडी कापायला देतोस?"

"मग तू नवं इंजिन बसवून दाखव. नळ्या वाकवण्यापलीकडे तुला येतं तरी काय?"

गिऱ्हाइकं उभी होती. भाऊजींचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी आपली हत्यारं एका पोत्यात भरली आणि ते निघून गेले. बाजारापलीकडे त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. भंगारवाला आला तेव्हा मी त्याला दारातूनच परत पाठवला, आणि ह्यांनीही त्याला पुन्हा बोलावलं नाही. गाडी ताडपत्रीखाली तशीच राहिली.

त्यानंतर कित्येक वर्षं दोघांत अबोला. रस्त्यात समोरासमोर आले की एकाला नेमकी दुकानाची पाटी वाचावीशी वाटायची आणि दुसऱ्याच्या चपलेत खडा जायचा. जाऊबाई आणि मी मात्र भेटत होतो. आम्हाला कोणी भांडायला सांगितलं नव्हतं.

मुलं मोठी झाल्यावर मी गाडी शिकले. शिकले आणि मनात बसलं की चालवायची तर सासऱ्यांचीच. ह्यांनी आधी वेड्यात काढलं. पण मग संध्याकाळी ताडपत्री बाजूला करून बघत बसू लागले. एका अपघातात मोडलेल्या व्हॅनचं इंजिन त्यांना मिळालं. ते जरा मोठं होतं, तरी इंजिनाखालची बैठक बदलून, इकडचं कापून तिकडचं जोडून त्यांनी ते बसवलंच. बॉनेटखाली हात घालायला जागा उरली नाही, पण इंजिन बसलं.

फिल्टर मात्र बसेना. ऑइल फिल्टरची जागा नेमकी स्टिअरिंगच्या दांड्यावर येत होती. उपाय एकच होता. फिल्टर तिथून काढून पुढे मडगार्डच्या आतल्या बाजूला लावायचा आणि इंजिनापासून तिथपर्यंत दोन नळ्या न्यायच्या. एकीतून तेल जाणार, दुसरीतून गाळून परत येणार.

ऐकायला सोपं. ह्यांनी नळ्या सायलेन्सरच्या बाजूने नेल्या. मी हौसेने एक चक्कर मारली तर बॉनेटमधून धूर. एक नळी गरम पाइपाला टेकून भाजून निघाली होती. मग त्यांनी दुसरीकडून नेल्या, तर तिथे इतक्या आखूड वळणात की नळी चपटी झाली. ह्यांनी पाना आपटला आणि घरी येऊन न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी ती भाजलेली नळी पिशवीत घालून मी भाऊजींच्या दुकानात गेले.

त्यांनी ती नाकाशी नेली. "सायलेन्सरला टेकली."

"हो."

"दादाने लावली?"

"नाही, शेजाऱ्यांनी. अहो, त्यांनीच, आणखी कोण!"

त्यांना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. "त्याने पाठवलं तुम्हाला?"

"त्यांना माहीतसुद्धा नाही."

त्यांनी नळी पुन्हा पिशवीत घातली. मग म्हणाले, "वहिनी, दादा जेवायला घरी जातो तेव्हा येऊन बघून जातो."

"भाऊजी, ते काम एकट्याचं नाही. एक वरून, एक खालून, असेच हात पोचतात. यायचं तर ते असताना या."

ते आले. हे तेव्हा गाडीखाली आडवे होते, फक्त पाय बाहेर. भाऊजींची एक टाच ओढत चालायची सवय होती. ती चाल ह्यांनी ओळखली असणार, कारण खालची खटखट थांबली. मग हे गाडीखाली थोडे बाजूला सरकले. तेवढंच. पण मला बरं वाटलं.

भाऊजींनी आधी नळीला हातच लावला नाही. एक लांब तार घेतली आणि इंजिनापासून फिल्टरपर्यंत ती वाकवत नेली. सायलेन्सरपासून लांब, पट्ट्याच्या वरून, चासीच्या कडेला न घासता. कडेजवळ तार आली की थांबायचे, बोटाने अंतर बघायचे, पुन्हा वाकवायचे. मी विचारलं, "सरळ का नाही नेत?"

"वहिनी, इंजिन काही फोटोतल्यासारखं बसत नाही. रेस दिली की अंग झटकतं. नळीला थोडी ढील हवी, नाहीतर जोडातून उपटून येईल."

त्या तारेच्या मापाने त्यांनी नळ्या कापल्या. एक टोक वरून बसेना. त्यांचा हात दंडापर्यंत आत अडकलेला.

"दादा, धर."

"कुठलं?"

"डावीकडचं. अरे डावीकडचं!"

"माझ्या डावीकडचं की तुझ्या?"

"खाली झोपलायस, तुला डावं-उजवं कसलं! जे हलतंय ते धर."

"धरलंय."

मी चहा करायला आत गेले. खरं तर डोळे पुसायला गेले.

सगळं आवळून झालं. ह्यांनी ठिणगीची मोठी वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू न होता नुसतं फिरेल आणि तेल आधी सगळीकडे पोचेल. मी आत बसून स्टार्टर मारला. समोर ऑइलचा लाल दिवा, तेल पोचलं की विझणारा. थोडं थांबून पुन्हा मारला. दिवा विझेना.

हे वाकून बघू लागले. इंजिनापाशी बघितलं, फिल्टरपाशी बघितलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते. चूक सापडली होती, आणि ती नळीवाल्यांची होती. जायची नळी यायच्या तोंडाला लागली होती, आणि फिल्टर उलट्या बाजूने तेल घेत नाही. आता हे काय बोलतात?

हे हळूच म्हणाले, "आपल्या हातून नळ्या उलट्या लागल्यात वाटतं."

भाऊजींनी वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला, तेलकट हात. "आपल्या कसल्या? माझ्या हातून."

"खालून मीच धरल्या होत्या की."

भाऊजी हसायला लागले. मग हेही. कपाळावर पाची बोटं उमटलेला माणूस आणि गाडीखालून बाहेर आलेला माणूस, दोघं टायरांच्या ढिगावर बसून पोट धरून हसत होते. हसू ओसरल्यावर हे हात पुसत, फडक्याकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"कुठल्या दिवशी?" भाऊजी म्हणाले आणि पाना घेऊन उठले.

नळ्या अदलाबदल केल्या. या वेळी दिवा विझला. वायर जोडली, किल्ली फिरवली, आणि सासऱ्यांची गाडी या वेळी धूर न काढता बोलली. मी जाऊबाईंना घरातून उचललं, शेजारी बसवलं, दोघा भावांना मागे कोंबलं आणि गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्याला लागले. मागून सारख्या सूचना. ब्रेक दाब, गिअर बदल, इंजिनचा आवाज ऐक. शेवटी जाऊबाई मागे वळून म्हणाल्या, "उतरवू का दोघांना?" तेव्हा गप्प झाले.

दुकानं वेगळीच राहिली. पण दुपारी भाऊजी डबा घेऊन गॅरेजात यायचे. नळ्यांची कामं इकडून तिकडे जाऊ लागली, इंजिनाची तिकडून इकडे. असं खूप वर्षं चाललं. मग भाऊजींच्या छातीने दगा दिला आणि ते गेले. ह्यांच्या आधी, धाकटे असून. हे तेव्हा रडले नाहीत, पण गॅरेज त्यांनी पुढे फार दिवस चालवलं नाही.

आता हे ओट्यावर बसतात. कोणी जुनं गिऱ्हाईक भेटायला आलं की भावाची गोष्ट निघतेच. "त्याच्यासारखी नळी टाकणारा झाला नाही," असं सांगतात. एकदा मी चिडून विचारलं, "त्यांच्या तोंडावर बोललात का हे कधी?"

"बोललो होतो," हे म्हणाले. "आपण चौघं पहिल्यांदा निघालो तेव्हा, मागच्या सीटवर. तू पुढे बघून चालवत होतीस."

"मग भाऊजी काय म्हणाले?"

"म्हणाला, जरा सरक, माझा पाय अवघडलाय."