वॅगनचा अकरावा अंक

"तो वॅगनचा नंबर गाडीत नाही ना? मग गाडी सोडा," कंट्रोलर साहेब फोनवर म्हणाले. कुठली गाडी कधी हलवायची हे ते ठरवतात. मागे पॅसेंजर अडकली होती आणि लाइन एकेरी.

मी वॅगन तपासणारी इंजिनिअर. नगरजवळच्या मालधक्क्यावर सिमेंट भरलेली मालगाडी निघायच्या तयारीत होती. तेवढ्यात वर्कशॉपचा फोन आला. एका वॅगनच्या चाकाला आतून तडा असल्याचा संशय होता. ती वॅगन तुमच्याकडे असेल तर काढून ठेवा, म्हणाले. खरखरीत आवाजात ऐकू आलेला नंबर मी लिहून घेतला: ३१०५१२४८३६६. पुढचं काही ऐकायच्या आत फोन कट झाला, आणि परत लावला तर लागेना.

रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन शिंदेकाका एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने अख्खी गाडी चालून पाहिली. तो नंबर कुठेच नव्हता.

"मॅडम, डायवर इचारतोय, निघू का?" काका म्हणाले.

"थांबा जरा."

वॅगनच्या नंबरात अकरा अंक असतात. शेवटचा अंक नुसता ताळा जुळवायला असतो. दुसरा, चौथा, सहावा, आठवा आणि दहावा अंक मिळवायचे, बेरजेची तिप्पट करायची, त्यात उरलेले अंक मिळवायचे. आलेल्या बेरजेच्या शेवटी शून्य असलंच पाहिजे. मी हातावरच बेरीज केली. बावीस त्रिक सहासष्ट, अधिक सतरा. त्र्याऐंशी.

म्हणजे असा नंबर कुठल्याच वॅगनचा असू शकत नव्हता.

"साहेब, नंबरच चुकीचा आहे. गाडी सोडू नका."

"बरोबर कोणता मग?"

ते मला माहीत नव्हतं. एकच अंक चुकला असेल, तर प्रत्येक जागी दुरुस्ती एकच बसते. अकरा जागा, म्हणून अकरा नंबर शक्य होते. ते मांडून मी पुन्हा गाडीच्या कडेने निघाले. ऊन डोक्यावर होतं. चाक वाटेत फुटलं असतं तर भरलेल्या वॅगन रुळावरून घसरल्या असत्या, आणि गाडी पुणतांब्यापर्यंत कुठे थांबणार नव्हती.

"मॅडम, हिकडं या," काकांनी हाक मारली. "ही जवळपास तीच हाय."

३१०५१२४७३६६. आठच्या जागी सात. बेरीज ऐंशी. माझ्या अकरांपैकी हाच एक नंबर त्या गाडीत होता.

"काढा मग ती वॅगन," साहेब म्हणाले.

"आधी वर्कशॉपला विचारते. खरी वॅगन दुसऱ्याच गाडीत असली तर तिकडे ती धावत राहील."

वर्कशॉपचा फोन अजूनही लागत नव्हता. लागला तेव्हा मी विचारलं, "आठवा अंक सात की आठ?"

"सात. सातच सांगितला होता, मॅडम."

वॅगन बाजूला काढली आणि गाडी गेली. चाक वर्कशॉपला पाठवलं. मशीनवर तपासल्यावर तडा निघाला, जवळजवळ आरपार. साहेबांनी फोन करून एवढंच विचारलं, "ती बेरीज पुन्हा सांगता का? लिहून घेतो."

मी सांगितली, आणि एक गोष्ट जोडली. बेरीज नंबर चुकलाय एवढंच सांगते. बरोबर कोणता, त्यासाठी फोनच करावा लागतो.