भरल्या पोटावर हात नाही

क्वांग सूझेनचा बाक देवळाच्या खालच्या दरवाज्याशी, जिन्कोच्या झाडाखाली असायचा. एकेचाळीस वर्षं. डोंगरावरच्या ताओ मंदिरातल्या एका म्हाताऱ्या साध्वीनं तिला पोट चोळायची विद्या दिली, आणि सोबत एक नियम दिला: भरल्या पोटावर हात ठेवायचा नाही.

माझं बांबूच्या खुर्च्यांचं दुकान समोरच. तिचा बाकही मीच विणलेला. ती आधी निखाऱ्यांवर हात शेकायची, मग बेंबीवर तळवा ठेवून गप्प बसायची. पोटानं हाताला ओळखलं की मगच अंगठे फिरायला लागायचे.

"ही गाठ जेवणाची नाही गं," ती एखादीला म्हणायची. "सासूशी बोलणं टाकलंयस ना? आधी बोल, मग ये."

बायको गेल्यावर माझ्या पोटात अन्न टिकेना, तेव्हा महिनाभर तिनं मला रोज चोळलं. तेव्हापासून ती माझी ताई.

गेल्या वर्षी नदीकाठी काचेचं आरोग्यकेंद्र झालं. त्यांनी ताईला तीन दिवस चहा पाजून सगळं विचारून घेतलं. आता त्यांच्या भिंतीवर माणसाएवढं पोट रंगवलंय. कुठल्या जागी कुठला वारा अडकतो ते सगळं ताईचं. ताईचं नाव मात्र कुठेच नाही. मग फर्मान निघालं की परवान्याशिवाय देवळाच्या आवारात कुणी कुणाचं अंग चोळायचं नाही. परीक्षा कोण घेणार? तेच केंद्र!

परीक्षेला प्रत्येकानं चोळून दाखवायला आपापलं माणूस आणायचं होतं. ताईनं मला नेलं.

"सकाळपासून पाण्याखेरीज काही घ्यायचं नाही, शाओ. ऐकलंस?"

"ऐकलं, ताई."

सकाळची परीक्षा दुपारवर गेली. केंद्राचे संचालक तान यांनी आम्हा चोळून घेणाऱ्यांना वेगळ्या खोलीत नेऊन पानावर बसवलं. "आमच्या दारातून उपाशी जाल? आमची अब्रू काय राहील?" मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः वाडगा हातात दिला. मला माणसाच्या तोंडावर नाही म्हणता येत नाही, जन्मात आलेलं नाही. मिरच्यांत परतलेलं डुकराचं मांस आणि दोन वाडगे भात खाल्ला.

परीक्षेच्या दालनात दहा बिछाने होते, भिंतीवर घड्याळ. ताईनं तळवा ठेवला आणि तिची भुवई वर गेली.

"जेवलास?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"दोन वाडगे."

तिनं हात काढून मांडीवर ठेवले.

"आजी, वेळ चाललाय," तान म्हणाले.

"चालू दे की. याचं पोट भरलंय. दोन तासांनी चोळीन."

"वेळापत्रकात दोन तास नाहीत."

"मग वेळापत्रक करताना पोटाला विचारायचं होतं."

लोक हसले. शेजारच्या बिछान्यावर एक मुलगी ढेकर देणाऱ्या इसमाला कणकेसारखं तिंबत होती. तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. ताईच्या कागदावर लिहिलं: 'उमेदवारानं कृती केली नाही.' शून्य.

कृती केली नाही! अख्ख्या दालनात त्या विद्येतली खरी कृती तेवढी एकीनंच केली होती. आणि मी? "साहेब, जेवायला तुम्हीच घातलंत," एवढं म्हणायचं होतं. मी शर्टाची बटणं लावत राहिलो. तानवर चिडू की स्वतःवर, मला अजून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या माणसांनी ताईचा बाक उचलून केंद्राच्या मागे टाकला. ताई तीन दिवस घराबाहेर पडली नाही. मी हाक मारली तर आतून म्हणाली, "हात गार पडलेत रे."

चौथ्या दिवशी सकाळी मी काही खाल्लं नाही. बाक ओढत केंद्राच्या पुढच्या दारात आणला आणि शर्ट वर करून त्यावर आडवा झालो. वय त्र्याहत्तर, थंडीचे दिवस. लोक जमले. तान धावत आले.

"आजोबा, हे काय? उठा आधी!"

"परीक्षा पुन्हा घ्या," मी म्हणालो. "त्या दिवशी मला तुम्ही जेवू घातलंत. आज मी उपाशी आहे."

"बाक हलवा!"

"बाक माझा आहे. मी विणलाय."

माणूस उपाशी असावा लागतो हे गर्दीतल्या बायकांना ठाऊक होतं. एकीनं विचारलं, "जेवू घातलंत? तुम्ही? परीक्षेआधी?" मग कुणीतरी ताईला बोलवायला पळालं.

ती निखाऱ्यांचं घमेलं घेऊनच आली. घाई न करता हात शेकले. तळवा बेंबीवर ठेवला, मग उजव्या बरगडीखाली सरकवला. तिथे माझा जीव कळवळला.

"पोट रिकामं आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "इथे नुसता राग बसलाय. बराच जुना दिसतो."

"निघेल का, ताई?"

"एका दिवसात नाही. उद्या सकाळी ये. इथेच. आणि असाच उपाशी."

परवाना अजून मिळालेला नाही. मी रोज जातो. माझ्यामागे आता सात जण उपाशी उभे असतात.