अक्काचे बारा शब्द

माझी अक्का एकसष्ट वर्षांची. आंजर्ल्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. त्यातल्या दोन खोल्या ती पर्यटकांना देते आणि असं काही जेवू घालते की माणसं निघताना पुढल्या वर्षीची तारीख ठरवून जातात. तक्रार एकच, बाथरूम अंगणापलीकडे. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, जर्मनीत नोकरी करते. पगाराचा थोडा भाग तिला क्रिप्टोत मिळतो. तोच साठवून यंदा दिवाळीला आईच्या दोन्ही खोल्यांना बाथरूम जोडून द्यायचं तिने ठरवलं.

मी लगेच भाचीला म्हटलं, माझ्याकडे पाठव. लोट्याच्या केमिकल कंपनीत तीस वर्षं शिफ्ट केलेला माणूस मी, क्रिप्टो ठेवायचं स्वतःचं वॉलेट वापरतो, मला त्यातलं कळतं. शिवाय भावोजी गेल्यापासून अक्काचं पासबुक, एफडीच्या पावत्या, सगळं मीच सांभाळतो. तिने कधी मागितलं नाही, मीही कधी विचारलं नाही. या वेळी मात्र अक्काने स्वतः फोन केला. म्हणाली, "माझे पैसे माझ्या फोनात येऊ देत. तू फक्त शिकव."

भाऊबीज तिच्याकडेच करायची म्हणून मी दिवाळीच्या चार दिवस आधीच तिच्याकडे गेलो. तिच्या फोनवर वॉलेटचं ॲप घेतलं. वॉलेटची किल्ली म्हणून ॲपने बारा इंग्रजी शब्द दाखवले, ते तिने सुवाच्य अक्षरात, आकडे घालून कागदावर उतरवले. मी मास्तरासारखं समजावलं, की फोन विहिरीत पडला तरी या बारा शब्दांवर पैसे परत मिळतात. आणि हे शब्द दुसऱ्याच्या हाती लागले की पैसे त्याचे. तक्रार करायला बँकेचा मॅनेजर नाही. म्हणून या कागदाचा फोटो काढायचा नाही, तो कुणाला पाठवायचा नाही.

मग सराव. मी थोडेसे तिला पाठवले, ते तिने मला परत पाठवले. आमच्या प्लांटमध्ये व्हॉल्व्ह उघडण्याआधी एकाने नंबर मोठ्याने म्हणायचा आणि दुसऱ्याने तो बघून परत म्हणायचा, तसा वॉलेटचा पत्ता दोघांनी वाचायचा, हेही शिकवलं. पत्ता म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक रांग, एक चुकलं तर गेलेले पैसे परत येत नाहीत. म्हणून आधी चिमूटभर पाठवून बघायचे, ते पोचले की उरलेले. अक्का मान डोलवत चकल्या पाडत होती. मला वाटलं, हिचं लक्षच नाही.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी भाचीचे पैसे आले. अक्काने स्क्रीन चारदा चष्मा पुसून बघितली, मग एकदम हसत सुटली आणि मला जबरदस्तीने तिसरा लाडू खायला लावला. घरात नुसता आनंदीआनंद.

संध्याकाळी मी अंगणात आकाशकंदिलाची वायर जोडत होतो. खिशातला फोन वाजला. घरच्यांच्या ग्रुपवर अक्काने फोटो टाकला होता. लक्ष्मीची तसबीर, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, तिच्या दोन पाटल्या, आणि मधोमध चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू लावलेला तो कागद. बाराच्या बारा शब्द स्वच्छ वाचता येत होते. खाली लिहिलं होतं, यंदाची आमची लक्ष्मी.

माझं धाबं दणाणलं. ग्रुपवर बेचाळीस माणसं, त्यांच्या सुना, जावई, आणखी कोणकोण. पुण्याच्या चुलतभावाने तर अक्षराचं कौतुकही करून टाकलं होतं. मी धावत आत गेलो आणि सणासुदीला बोलू नये ते बोललो.

"कागदाचा फोटो काढू नको म्हणालास," अक्का शांतपणे म्हणाली. "मी देवीचा काढला."

वह्यांची, दागिन्यांची पूजा होते, मग पैशाच्या किल्लीची का नको, हे तिचं म्हणणं होतं, आणि खरं सांगायचं तर ते मला खोडता आलं नाही. तिने फोटो पुसला. पण तो कितीजणांच्या फोनात आपोआप उतरला असेल, आणि त्यातला एखादा फोन कुणाच्या हाती जाईल, कोण सांगणार? घरची माणसं वाईट नाहीत. तरी ते बारा शब्द आता फुकट गेले होते. नवं वॉलेट काढायचं, नवे शब्द घ्यायचे आणि कुणी हात मारायच्या आत पैसे तिकडे हलवायचे, दुसरा इलाज नव्हता.

नवे शब्द स्क्रीनवर यायची वेळ झाली तेव्हा अक्काने मला पडवीत पाठवलं. मला, ज्याने शिकवलं त्याला! पाच मिनिटं मी तिथे चडफडत उभा राहिलो.

आत आल्यावर मी फोन तिच्या हातातून घेतलाच. नव्या वॉलेटचा पत्ता कागदावर लिहून तिच्यापुढे ठेवला, पाठवायच्या रकान्यात पत्ता भरला आणि म्हटलं, आता वेळ नाही, सगळे एकदम पाठवतो.

"आधी चिमूटभर," अक्का म्हणाली. "आणि वाच."

चरफडत मी स्क्रीनवरची अक्षरं म्हणू लागलो, ती कागदावर बोट ठेवून मागून म्हणत होती. चौथ्या अक्षराला ती थांबली. जुळत नव्हतं. मी पुन्हा वाचलं. पुन्हा नाही. चष्मा सारखा करून बघितलं आणि माझे कान गरम झाले. सरावाच्या वेळचा पत्ता ॲपमधल्या आधी वापरलेल्या पत्त्यांच्या यादीत सगळ्यात वर होता आणि घाईत माझं बोट सवयीने त्यावरच पडलं होतं. तो माझा पत्ता होता. अक्काचे सगळे पैसे मी माझ्याकडे घेणार होतो.

तिने फोन घेतला, नवा पत्ता स्वतः भरला, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत माझ्याकडून परत म्हणवून घेतला. चिमूटभर पोचले. मग तिने उरलेले पाठवले. दोन-तीन मिनिटांत जुन्या वॉलेटमध्ये शून्य दिसलं आणि नव्यात रक्कम आली. माझा जीव भांड्यात पडला. मी इतक्या जोरात हसलो की शेजारच्या काकू डोकावून गेल्या.

अक्का पाटावर बसली. फोन मांडीवर घेऊन त्याच्याकडे बघत राहिली.

"आधी सासऱ्यांकडे होते, मग ह्यांच्याकडे, मग तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझ्या हातात पैसे आजच आले रे."

मला रडू आलं, आणि तिने चौथा लाडू माझ्या हातावर ठेवला.