ऑफस्पिनरचं बोट

इथे आखातात, मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये मी लोखंड कापतो आणि सुट्टीच्या दिवशी ऑफस्पिन टाकतो. मार्चमध्ये इंग्लंडातले काउंटी संघ इथे सरावाला येतात, कारण तेव्हा त्यांच्याकडची मैदानं ओली असतात. त्यांच्या फलंदाजांसमोर नेटमध्ये चेंडू टाकायला माणसं लागतात. मैदानाच्या ऑफिसातले वसईचे अंकल मला फोन करतात. त्या वर्षी म्हणाले, "ऑफस्पिनर पाहिजे त्यांना. दहा दिवस लीव्ह टाक, यल्ला, चल लवकर, आणि टाइमवर ये." मी सुपरवायझरच्या मिनतवाऱ्या करून रजा घेतली. म्हणजे त्या वर्षीचं गणपतीला गुहागरला जाणं बुडालं. मला कुणी जबरदस्ती केली नव्हती, पण क्रिकेटपुढे माझं डोकं चालत नाही.

त्या संघात छत्तीस वर्षांचा एक ऑफस्पिनर होता. अठरा वर्षं तो हेच काम करत होता. सावलीत बसलो की तो आपली कहाणी सांगायचा, आणि मला ती ऐकायला आवडायची. एप्रिल-मेच्या गारठ्यात त्याला कुणी खेळवायचं नाही, तो पाण्याच्या बाटल्या वाहायचा. ऑगस्टमध्ये खेळपट्टी कोरडी पडली की सगळ्यांना त्याची आठवण यायची. हिवाळ्यात तो लोकांच्या घरी सामान पोचवणारी व्हॅन चालवायचा. देशाकडून तो एकदाही खेळला नव्हता. आता एक विशीतला लेगस्पिनर आला होता आणि पहिल्या संघात जागा एकालाच होती. शेवटच्या सराव सामन्यात कोच ठरवणार होते. जागा गेली तर सप्टेंबरनंतर नवा करार नाही, हे त्याला स्पष्ट सांगितलेलं होतं.

सरावाच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या कप्तानाचा एकाच षटकात दोनदा त्रिफळा उडवला. कोचने टाळ्या वाजवल्या. हा ऑफस्पिनर शेजारच्या नेटमधून हसत म्हणाला, "याचं काय जातंय, याला संघातून काढणार कोण? असं मोकळ्या हाताने मलाही टाकता आलं असतं." सगळे हसले. कप्तानही हसला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंधरा वर्षं उन्हात बोटं झिजवून शिकलेले ते दोन चेंडू, आणि याने एका वाक्यात ते फुकटातले करून टाकले. कदाचित तो स्वतःच्याच नशिबाबद्दल बोलत असेल. पण तेव्हा मला तसं समजून घ्यायचं नव्हतं.

त्याच दुपारी त्याने मला बोट दाखवलं. ऑफस्पिनरच्या तर्जनीला चेंडूची शिवण घासून घासून कडेला घट्टा पडतो. त्या घट्ट्यावरच सगळा धंदा चालतो. त्याचा घट्टा मधोमध चिरला होता. सामन्यात पट्टी लावून गोलंदाजी करायला अंपायर देत नाहीत. संघाच्या डॉक्टरला दाखवलं तर बातमी कोचकडे जाणार, म्हणून तो गप्प होता. तुम्ही लोक काय लावता, असं त्याने विचारलं.

आमच्याकडे कोकमाचं तेल असतं. पांढरी घट्ट वडी, ती गरम करून भेगांवर चोळतात. सेफ्टी शूजनी माझ्या टाचा फुटतात म्हणून आई ते दर खेपेला पाठवते. पूर्वी मी शहाणपणा करून तेच बोटाला लावलं होतं. चार दिवस इतकं बरं वाटलं की विचारू नका. मग अल कुसैसला झालेल्या आमच्या स्पर्धेत दुसऱ्याच षटकात मऊ पडलेला घट्टा सालीसारखा निघाला आणि महिनाभर मला चेंडू धरता आला नाही. टाच त्या तेलाने बरी होते, कारण टाचेने चेंडू वळवायचा नसतो. हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी त्याला वडी नेऊन दिली. रोज झोपताना गरम करून चोळ आणि वर फडकं बांध, असंही नीट समजावलं.

वडी दिल्यापासून चौथ्या दिवशी तो खूश होता. चीर मिटली होती. नेटमध्ये तो बेतानेच टाकत होता. बोट सामन्यासाठी राखतोय, म्हणाला. मी त्याला थांबवू शकलो असतो. दोन दिवस कोरडं ठेव, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं, छान, चालू ठेव.

सामन्यात मी सीमारेषेपाशी राखीव खेळाडूंबरोबर बसलो होतो. पहिली दोन षटकं त्याने बरी टाकली. तिसऱ्यात एक चेंडू हातातून सुटून फलंदाजाच्या कमरेवर गेला. पुढचा तसाच. मग अंपायरने चेंडू हातात घेऊन बघितला आणि त्याला बोलावलं. शिवणीला रक्त लागलं होतं. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. तो हात मुठीत धरून बाहेर आला आणि उरलेली षटकं लेगस्पिनरने टाकली. संध्याकाळी कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला मैदानाची एक फेरी मारायला नेलं. परत आला तेव्हा त्याला विचारायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी, जाण्यापूर्वी, तो मला शोधत नेटकडे आला. उघड्या लाल मांसावर त्याने कापूस धरला होता. राग नव्हता, म्हणून मी जास्त घाबरलो. त्याने एवढंच विचारलं, "तुझ्या बोटाला त्या तेलाने बरं वाटलं होतं ना?"

"हो," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मग माझंच कातडं म्हातारं झालंय," तो म्हणाला, आणि "इथे माझ्या बोटाची काळजी तू एकट्याने केलीस," म्हणत त्याने डावा हात पुढे केला. मी तो हातात घेतला.