भाऊबीजेच्या दिवशी तुटलेला पट्टा

आमच्या घरात पट्टा हा शब्द कुणी उगाच उच्चारत नाही. बाबांची पिठाची गिरणी होती. मोटारीवरून जात्याकडे फिरणाऱ्या रुंद पट्ट्याचा एक जुना तुकडा गिरणीच्या दारामागे खिळ्याला टांगलेला असे. तो माझ्यासाठी आणि माझ्या धाकट्या बहिणीसाठी होता. मारायच्या आधी बाबा त्याचं एक टोक मुठीला गुंडाळून घेत, अगदी सावकाश. मार पडायचा तो नंतर. ते गुंडाळणं पाहूनच आमची पाचावर धारण बसायची. पुढे गिरणी विकली, बाबा म्हातारे झाले. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते आमच्याच घराकडे बघून कुणीतरी म्हटलं असावं.

बहीण अकोल्याला दिलेली, जुन्या शहरात. नवरा मारतो हे आम्हाला उशिरा कळलं. कळल्यावर बाबा म्हणाले, "नवरा हाय. उचलते हात कधीमधी. मी नाई मारलं तुमाले? मेले का तुमी?" मी ताट भिरकावलं आणि उपाशी झोपलो.

उन्हाळ्यात ती एकटीच माहेरी यायला निघाली, तर जावयानं तिला बसमधून वेणीला धरून खाली ओढलं. भर स्टँडवर. लोकांनी त्याला वाट करून दिली. दिवाळीत तिचा फोन आला. "दादा, भाऊबीजेले ये. गाडी घेऊनच ये, एसटीनं नोको. त्या दिवशी मले कोनी अडवनार नाई."

तिचं खरं होतं. सासर कितीही कसाई असो, भाऊबीजेला न्यायला आलेल्या भावाला रिकाम्या हातानं परत धाडत नाहीत. गल्लीत छीथू होते. दुसऱ्या दिवसापासून मात्र सासूचे गुडघे दुखतात, घरी पाहुणे येतात, सबबींना तोटा नसतो. तिच्यासाठी दार उघडं असणारा तो एकच दिवस होता.

आणि त्याच दिवशी सकाळी, आमच्या अमरावतीच्या घरासमोर, मी गाडी सुरू करून ठेवली असताना बॉनेटखालून फट् असा आवाज आला आणि इंजिन गपकन बसलं. गाडी जुनी, डिझेलची. मी आयटीआयला डिझेल मेकॅनिक केलेलं. आवाजावरूनच समजलो, टायमिंगचा पट्टा गेला. हा पट्टा इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवतो. तो तुटल्यावर इंजिन फिरवायचंच नसतं. फिरवलं तर वरचे वॉल्व्ह खालच्या पिस्टनवर आपटतात आणि वाकतात.

मी पाने आणायला आत गेलो. बाहेर आलो तर अख्खी गल्ली गाडीच्या मागे लागलेली आणि बाबा स्टिअरिंगवर. टोपी, धुतलेलं धोतर, सगळा थाट. आमच्याकडे बंद पडलेल्या गाडीला दुसरं औषध कुणाला माहीतच नाही.

"लावा रे धक्का! गाडी हाय, रुसलेली बाई नाई!"

गाडी सरकू लागली होती. बाबा क्लच सोडणार, इंजिन फिरणार आणि माझी बहीण पुढच्या दिवाळीपर्यंत तिथेच मार खाणार. मी पान्यांची पिशवी टाकली, धावत जाऊन डाव्या खिडकीतून आत घुसलो आणि गिअर न्यूट्रलला मारला. मग पलीकडून जाऊन बाबांना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्यांची टोपी नालीत गेली. त्यांनी सगळ्या गल्लीसमोर माझ्या कानाखाली वाजवली. माझे केस पिकलेत, पण वाजवली.

"तुया जल्माच्या आंधी जीप चालवली म्या!"

"पट्टा तुटला हाय बाबा! धक्का मारला तं इंजिन भंगारात जाते!"

माझाही हात उठला होता. तो हवेत राहिला यात माझा मोठेपणा काही नाही. समोरच्या काकूंनी धरला म्हणून राहिला.

भाड्याची गाडी मिळेना, सगळ्या सणाला गेलेल्या. मग मी दारातच जॅक लावला. चाक काढलं, इंजिनाखाली लाकडी ओंडका दिला. पुलीचा बोल्ट गंजून बसलेला. पान्याला पाइप घालून जोर लावला तर पाना निसटला आणि बोटांची सालं निघाली. मग हातोडा घेतला. खरं सांगतो, बोल्टवर घालायचे ते घाव मी जावयाच्या बरगड्यांत घालत होतो. एकेका घावाला एकेक शिवी. सगळ्या पान्यांना रक्त लागलं. बाबा ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले. मध्येच म्हणाले, "मीबी येतो. जावयाच्या घरी बापानं जावं लागते." मला शंका आली की हे पोरीला समजावून तिथेच ठेवायला निघालेत. मी आणखी जोरात हातोडा घातला. बोल्ट सुटला.

आतून पट्टा ओढून काढला. काळा, दातेरी, तुटून लांब झालेला. नमुना म्हणून तो दुकानात न्यायचा होता, म्हणून मी दुमडून हातात घेतला आणि बाबांसमोरून शेजाऱ्याच्या मोटरसायकलकडे निघालो. कानाखालचा राग अजून तोंडावर असणारच. बाबांनी एकदम कोपर वर केलं आणि तोंड झाकलं.

आम्ही झाकायचो तसंच. डोळे मिटून, मान खांद्यात घेऊन.

मला बरं वाटलं. ते लपवण्यात अर्थ नाही. मग मी पट्टा पाठीमागे लपवला. मी दुकानाकडे गेलो. दुकानदारानं सणाचं अर्धंच शटर उघडलं होतं, पण पट्टा होता.

नवा पट्टा घेऊन आलो, जुना मागच्या सीटवर फेकला. पुल्यांच्या खुणा जुळवल्या, पट्टा चढवला, ताण दिला. मग पान्यानं इंजिन हातानं फिरवायचं. अडलं तर वॉल्व्ह वाकलेले, सगळं संपलं. मी देव वगैरे मानत नाही, तरी त्या वेळी तोंडातून नाव निघालं. इंजिन अलगद फिरलं. उरलेलं जोडून चावी मारली, तेव्हा गल्लीनं टाळ्या वाजवल्या, जणू धक्का त्यांनीच दिला होता. बाबा न विचारता पुढे बसले. मूर्तिजापूर गेलं तरी आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

दिवेलागणीला अकोल्यात मोर्णेचा पूल ओलांडला. गल्ली अरुंद, गाडी तोंडाशीच ठेवावी लागली. बाबा गाडीतच बसून राहिले. मला वाटलं, लाजले. आत बहिणीनं मला ओवाळलं. गालावरचा डाग पावडरनं झाकला होता. सासू म्हणाली, "दोन दिसांत आनून सोडजा." जावई बाजेवरून उठला आणि आमच्या मागोमाग गाडीपर्यंत आला.

मी मागचं दार उघडलं. एक पाय आत टाकून ती थांबली. सीटवर पट्टा पडला होता. काळा, अर्धा दुमडलेला. तिचं तोंड पांढरं पडलं.

"बाबा," ती म्हणाली, "हा मायासाठी आनला का तुमी?"

जावई हसला. "बसाचं नसन तं चाल वापस." आणि त्यानं उघड्या दारावर हात ठेवला.

हा गाडीचा आहे, सकाळी तुटला, हे मला सांगायचं होतं. पण त्याआधीच तिनं पाय मागे घेतला. तेवढ्यात बाबा पुढच्या सीटवरून वळले, पट्टा उचलला आणि त्याचं टोक तिच्याकडे केलं.

"घे," ते म्हणाले. "आता तू धर."

तिनं त्यांच्याकडे पाहिलं, मग पट्ट्याकडे. टोक हातात घेतलं आणि मुठीला गुंडाळू लागली. अगदी सावकाश. शिकवावं लागलं नाही. मग मान वर करून तिनं नवऱ्याकडे पाहिलं.

त्यानं दारावरचा हात काढला.

ती आत बसली, दार ओढून घेतलं, आणि मी गाडी सुरू केली.