पापलेटांची अंघोळ

लग्न होऊन बंदरावर आले त्या पहिल्याच आठवड्यात मी टोपलीभर पापलेटं काथ्यानं घासून काढली होती. घाटावरची पोर मी! माशाच्या अंगावरचं ते चंदेरी, बुळबुळीत म्हणजे मळच, अशी माझी ठाम समजूत. सासूबाई बाजारात न्यायच्या आत सगळी कशी लख्ख व्हायला हवीत ना? ती चांदी हीच ताजेपणाची खूण, ती गेली की गिऱ्हाईक हात लावत नाही, हे त्या शहाणीला कोण सांगणार!

आज सकाळी होड्या लागल्या आणि माझे म्हातारे पाय धक्क्यावर धावलेच. सुरमई आली, कोळंबी आली, आणि ती पापलेटं! उन्हात नुसता लखलखाट! समुद्र देतो ते सजवूनच देतो. आपणच मेले सुधारायला जातो. मी तर पुढे नवऱ्यालाही घासायला घेतलं होतं.

त्या दिवशी मात्र ती निस्तेज टोपली सासूबाईंपुढे ठेवली आणि त्यांच्या कपाळावरची आठी पाहूनच माझी चूक कळली. आता माहेरी धाडतात, असंच वाटलं. त्यांनी एक पापलेट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाल्या,

"पोरी, उद्या बांगडे येतील. त्यांच्या पाठीवरचे काळे पट्टे तेवढे पुसू नको गो!"